कागदाला पदर सुटतात तेव्हा

जास्वंदीचं फूल एकदा हातात घेऊन वरून नीट बघा. पाकळ्या पाच असतात हे आपल्याला ठाऊक असतं, पण त्या एकमेकींवर कशा बसल्या आहेत याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते आणि दुसरी कड पलीकडच्या शेजारणीच्या खाली गेलेली असते. सगळ्यात वरची पाकळी अशी कुठलीच नसते, सगळ्यात खालचीही नसते. टेप न लावता खोकं बंद करायचं असलं की आपण त्याची चार झाकणं एकात एक अडकवतो, अगदी तशी ही रचना.

हे मला मावशीच्या पंचाहत्तरीचं शुभेच्छापत्र करताना कळलं. तिच्या दारात जास्वंद आहे आणि रोज सकाळी परडी घेऊन ती त्या झाडापाशी जाते, म्हणून कार्डावर जास्वंदच हवी होती. पहिल्यांदा मी लाल कार्डशीटमधून पाच पाकळ्यांचा एक अखंड आकार कापून चिकटवला. तो कार्डावर छापल्यासारखा दिसला. मग तसेच दोन आकार कापले आणि वरचा थोडा फिरवून बसवला. आता फूल दिसलं, पण जास्वंदीचं नव्हे, कुठलंतरी. तिसऱ्या वेळी पाचही पाकळ्या सुट्या कापल्या आणि एकीची कड दुसरीखाली सरकवत गेले, तेव्हा ते फूल मावशीच्या अंगणातलं झालं.

कागद तोच होता, रंग तोच होता, फेविकॉलची बाटलीही तीच. फरक पडला तो कागदांच्या मधल्या जागेने. घडीच्या पोळीला पदर सुटले की पोळी जमली असं आपण म्हणतो. पदर सुटतात म्हणजे थरांच्या मध्ये जागा राहते. शुभेच्छापत्राचंही तसंच आहे. ही मधली जागा कुठे ठेवायची, किती ठेवायची आणि ती टिकवायची कशी, हे कळलं की थरांचं कार्ड जमायला लागतं. महागडं मशीन असो की घरची कात्री, सगळी हत्यारं त्याच एका कामाला जुंपलेली असतात.

वाटीने पुऱ्या पाडणं आणि डाय

मोठी पोळी लाटून वाटीच्या काठाने पुऱ्या पाडतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. डाय म्हणजे तीच वाटी, फक्त धारदार आणि हव्या त्या आकाराची. पान, फुलपाखरू, समई, अक्षर, जाळी, जे हवं असेल त्याची कड पोलादाची केलेली असते. कागदावर ती दाबली की आकार सुटा होतो. उरलेल्या कागदाला पडलेलं भोकही फेकून द्यायचं नसतं, त्याचा उपयोग पुढे येईल.

डाय दोन तऱ्हेचे असतात. छापखान्यात ज्याला डाय-पंचिंग म्हणतात, त्यात प्लायवूडच्या फळीत खाचा पाडून पोलादाची उभी पट्टी बसवलेली असते. पट्टीच्या दोन्ही बाजूंना रबराचे तुकडे लावतात, कारण कापलेला कागद पट्टीत अडकून बसतो आणि त्याला कुणीतरी बाहेर ढकलावं लागतं. लग्नपत्रिकेची कमान, मिठाईचं खोकं, औषधाची पेटी हे सगळं असंच पाडलं जातं. घरगुती छंदासाठी मिळतात ते डाय पातळ पत्र्याचे असतात, बोटांनी धरता येतील इतके हलके. ते छोट्या हातमशीनमधून जातात. हे मशीन म्हणजे रसवंतीचा चरक समजा: दोन रूळ आणि एक दांडा. खाली जाड प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर धार वर करून डाय, डायवर कागद, कागदावर आणखी एक पट्टी, असं हे सगळं एकत्र रुळांमधून फिरवायचं. रूळ दाबतात आणि कागद कापला जातो.

यात एक बारकावा आहे आणि तो फार कमी जण सांगतात. डायची धार ज्या बाजूने कागदात शिरते, त्या बाजूची कड किंचित आत दबते आणि गोलसर होते. उलट बाजूला हात फिरवला तर अगदी बारीक खरखर लागते. म्हणून कागदाची चांगली बाजू नेहमी डायच्या धारेकडे ठेवायची. एकच थर असेल तर फरक जाणवणार नाही, पण पाच पाकळ्या एकावर एक आल्या की ती गोलसर कड उजेडात वेगळीच मऊ दिसते.

नाजूक जाळीचा डाय असेल तर कागद आत अडकून फाटतो. डाय आणि कागद यांच्यामध्ये बटर पेपरचा तुकडा घालायचा, जाळी अलगद सुटून येते. एखाद्या कोपऱ्यात कापलं गेलं नाही तर जोर लावून दांडा फिरवू नका. वरच्या पट्टीखाली साध्या कागदाचा एक कपटा घाला आणि पुन्हा फिरवा. तेवढी ०.१ मिलिमीटरची जाडी पुरते.

कापणं आणि घडीची रेघ पाडणं ही दोन कामं एकाच दाबात होऊ शकतात, हे लक्षात यायलाही एक चूक घडावी लागली. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर यांचा कागदी पिशव्यांचा कारखाना होता. १८७९ साली बियाण्यांच्या पिशव्या छापताना घडीची रेघ पाडणारी धातूची पट्टी जागेवरून सरकली आणि तिने पिशव्या कापल्याच. नुकसान झालं, पण गेअर यांच्या लक्षात आलं की काही पट्ट्या उंच आणि धारदार ठेवल्या आणि काही बुटक्या व बोथट ठेवल्या, तर एका दाबात कापणं आणि दुमडणं दोन्ही साधेल. आज आपण घरी आणतो ते चपटं येणारं, घडी उलगडून उभं करायचं खोकं त्यातून आलं. घरी कार्डाच्या घडीची रेघ पाडायला शाई संपलेलं बॉलपेन आणि पट्टी पुरते. लक्षात एवढंच ठेवायचं की रेघेची खोलगट बाजू घडीच्या बाहेर राहिली पाहिजे आणि मागे आलेला उंचवटा आत. उलट केलंत तर घडीवर कागद फुटतो आणि पांढरे तंतू दिसायला लागतात.

मशीन नसेल तर काही अडत नाही. माझ्या जास्वंदीच्या पाकळ्या मी कात्रीनेच कापल्या, कारण तशा सुट्या पाकळीचा डाय मला मिळाला नाही. एक नमुना पुठ्ठ्यावर कापायचा, त्याभोवती पेन्सिल फिरवायची आणि कापताना कात्री एका जागी धरून कागद फिरवत जायचा. वळणं गुळगुळीत येतात. डायची खरी गरज एकसारखेपणासाठी असते: मुंजीच्या चाळीस पत्रिकांवर चाळीस सारखी फुलं हवी असतील तर हाताने कापणं जिवावर येतं. एका कार्डासाठी कात्री बरी.

सावली मोजून बघा

आता त्या मधल्या जागेकडे येऊ.

कार्डावर एक कागद सपाट चिकटवला की त्याची उंची वाढते ती फक्त कागदाच्या जाडीइतकी. साधा झेरॉक्सचा कागद ८० जीएसएमचा असतो (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आणि जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. कार्डशीट २५० जीएसएमची घेतली तर साधारण ०.३ मिलिमीटर. खिडकीतून उजेड ४५ अंशांत येत असेल तर सावलीची रुंदी उंचीइतकीच पडते. म्हणजे सपाट चिकटवलेल्या फुलाला ०.३ मिलिमीटरची सावली. ती बारीक टोकाच्या पेनने ओढलेल्या रेघेपेक्षाही पातळ आहे. हातभर अंतरावरून डोळा तिला सावली म्हणत नाही, आकाराची कड म्हणतो. माझं पहिलं फूल छापल्यासारखं का दिसलं, त्याचं उत्तर इथे आहे.

त्याच फुलाखाली २ मिलिमीटरची फोम टेप, म्हणजे दोन्हीकडून चिकटणारी स्पंजासारखी जाड पट्टी, लावली तर सावली सव्वादोन मिलिमीटरच्या पुढे जाते. लगेच डोळ्याला कळतं की वस्तू वर उचललेली आहे आणि तिच्याखाली हवा आहे. संध्याकाळी टेबलावरचा दिवा तिरका लावून बघितलं, उजेड ३० अंशांवर आला, की तीच सावली पावणेदोन पट लांब होते. म्हणून मी कार्ड करताना दिवा नेहमी डावीकडे आणि खाली ठेवते. वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटखाली काम केलं तर सावलीचा अंदाजच येत नाही.

फोम टेप स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळते आणि हाताशी आली की ती सगळ्याखाली लावायचा मोह होतो. तो टाळा. सगळेच थर सारखे उचलले तर पायऱ्या उरत नाहीत, सगळं एकाच ओट्यावर ठेवल्यासारखं दिसतं. माझा हिशोब असा: मागचा पॅनेल, म्हणजे कार्डावर सगळ्यात खाली लावलेला मोठा कागद, सपाट, त्यावरची पानं सपाट किंवा एका टोकाने उचललेली, फूल १ मिलिमीटर आणि त्यातला एखादाच भाग २ मिलिमीटर. सपाट थर शेजारी असतो म्हणून उचललेला थर उचललेला वाटतो.

फोमचे तुकडे आकाराच्या कडेपासून किमान ३ मिलिमीटर आत हवेत, नाहीतर बाजूने बघताना पांढरे ठोकळे दिसतात. दोन तुकड्यांमधलं अंतर दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवलं तर मधला कागद काही दिवसांनी खाली झोळतो आणि सावली लहरी पडते.

फोम टेप येण्याच्या कितीतरी आधी ही जागा कागदानेच तयार करणारी एक मुलगी होती, एस्थर हाऊलंड. अमेरिकेतल्या वुस्टर गावात तिच्या वडिलांचं पुस्तकं आणि स्टेशनरीचं दुकान होतं. १८४७ साली, एकोणीस वर्षांची असताना, तिच्या हातात इंग्लंडहून आलेलं एक नक्षीदार व्हॅलेंटाइन कार्ड पडलं. तिने तशीच काही करून बघितली आणि विक्रीच्या फेरीवर निघालेल्या भावाकडे नमुने दिले. दोनशे डॉलरचं काम मिळालं तरी पुष्कळ, अशी तिची अपेक्षा होती. भाऊ पाच हजार डॉलरच्या मागण्या घेऊन परतला. मग मैत्रिणींना बोलावून घरातच काम सुरू झालं: एक जण चित्रं कापणार, दुसरी पार्श्वभूमी लावणार, तिसरी पुढचा थर. या कामातल्या दोन गोष्टी आजही तशाच्या तशा वापरता येतात. पांढऱ्या कागदी लेसच्या मागे ती रंगीत कागदाचा तुकडा घालायची, त्यामुळे जाळीची भोकं उठून दिसायची. आणि वरच्या थराखाली कागदाच्या घड्या घातलेल्या छोट्या स्प्रिंगा लावायची, त्यामुळे लेस मागच्या चित्रापासून वर तरंगायची.

ती स्प्रिंग करणं सोपं आहे. अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या काटकोनात ठेवायच्या आणि एकीवर दुसरी, दुसरीवर पहिली असं दुमडत जायचं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आपण माळांसाठी ज्या करत होतो, त्याच. फोम दाबला की बऱ्याच दिवसांनी चपटा होतो, कागदी स्प्रिंग पुन्हा वर येते. पाकिटात घालून पाठवायच्या कार्डाला मला हीच बरी वाटते.

जागा खालच्या दिशेनेही तयार होते. डायने आकार पाडल्यावर उरलेलं भोक आठवा. जुन्या घरांच्या भिंतीत देवळी असते, तिच्यात पणती ठेवली की भिंतीला खोली येते. भोक पडलेला पॅनेल फोमवर उचलला आणि मागे दुसरा रंग ठेवला की कार्डात अशीच देवळी तयार होते, सावली आत पडते. एकात एक बसणारे डायचे संच मिळतात, प्रत्येक आकार आधीच्यापेक्षा थोडा लहान. तीन पॅनेलना क्रमाने लहान होत जाणारी कमान पाडली आणि एकामागे एक उचलून लावली, तर गाभाऱ्यात डोकावल्यासारखं वाटतं. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीत पुठ्ठ्याची मखरं वाढली आहेत. एखाद्या चांगल्या मखराच्या बाजूला जाऊन उभे राहा. जाळीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये जाड पट्ट्या घालून जागा सोडलेली असते, तीच युक्ती हातभर आकारात.

कागदाचा कल

मावशीचं कार्ड मी जुलैत करायला घेतलं होतं. मागचा हिरवा पॅनेल बराच मोठा होता. नीट चिकटावा म्हणून मी त्याच्या पूर्ण पाठीवर फेविकॉल पसरवून लावला आणि रात्री तो टेबलावर ठेवून झोपले. सकाळी वाळत घातलेल्या पापडासारख्या त्याच्या कडा वर आल्या होत्या. वर पुस्तकं ठेवली, दोन दिवस दाबून ठेवला, तरी काढल्यावर तो हळूहळू पुन्हा वाकला. मला फार वाईट वाटलं, कारण दोष कुठे आहे तेच कळत नव्हतं. दोष होता कागदाच्या ग्रेनकडे मी केलेल्या दुर्लक्षाचा, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

वर्तमानपत्र फाडून बघा. एका दिशेने ते सरळ रेघेत फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. कागद लाकडाच्या लगद्यातल्या बारीक तंतूंचा असतो. १७९९ साली फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर यांनी सरकत्या जाळीवर कागद करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि आजही तत्त्व तेच आहे: पाण्यात कालवलेला लगदा पुढे धावणाऱ्या जाळीवर पडतो. नदीत सोडलेले ओंडके जसे प्रवाहाला धरून सरळ होतात, तसे बरेचसे तंतू जाळीच्या दिशेत झोपतात. ती दिशा म्हणजे ग्रेन.

आता पाणी. तंतू ओला झाला की जाडीत फुगतो, लांबीत जवळपास वाढत नाही. म्हणून ओला कागद ग्रेनला आडवा वाढतो आणि वाळताना त्याच दिशेत आकसतो. पाठीवर पाणीदार गोंद लावला की एका बाजूचे तंतू फुगतात, दुसऱ्या बाजूचे कोरडेच असतात, कागदाला वाकण्यावाचून गत्यंतर नसतं. पावसाळ्यात कोकणपट्टीच्या हवेत गोंद लावायच्या आधीच कागदाने ओल घेतलेली असते, त्यामुळे हा खेळ आणखी वाढतो.

ग्रेन ओळखायला हात पुरेसा आहे. कार्डशीट न मोडता आधी एका दिशेने हलकी वाकवा, मग दुसऱ्या. ज्या दिशेने ती सहज वाकते, त्या वळणाच्या अक्षाला ग्रेन समांतर असतो. बांबू उभा सहज चिरतो आणि आडवा चिरत नाही, तेच. ग्रेन कळला की तीन गोष्टी सोप्या होतात. कार्डाची घडी ग्रेनच्या दिशेने घातली तर ती स्वच्छ पडते. एकावर एक मोठे पॅनेल लावताना सगळ्यांचा ग्रेन एकाच दिशेत ठेवला तर ते एकत्र वाढतात आणि एकत्र आकसतात. आणि मोठा पॅनेल चिकटवायचाच असेल तर त्याच्या तळाच्या कागदाला मागूनही तसाच एक कागद लावायचा. पुस्तक बांधणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पुठ्ठ्याला बाहेरून कापड लावलं की ते पुठ्ठा आपल्याकडे ओढतं, म्हणून आतून कागद डकवून ते उलट ओढ देतात.

हातकागदाला मात्र हा कल फारसा नसतो. पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी यांनी १९४० साली सुरू केलेली हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यात चौकट बुडवून, हलवून तिथे कागद केला जातो. अशा कागदात तंतू सगळ्या दिशांना पसरतात. तळाच्या पॅनेलला तो फार छान. नाजूक डायसाठी मात्र घेऊ नका, सुताचे लांब तंतू बारीक जाळीत ओढले जातात आणि कडा पिंजतात. तिथे गुळगुळीत कार्डशीटच हवी.

गोंदाबद्दल थोडक्यात. मोठ्या पॅनेलला डबल टेप, कारण तिच्यात पाणी नसतं. छोट्या आकारांना फेविकॉल, पण बाटलीच्या टोकाने थेट लावू नका. प्लॅस्टिकच्या झाकणावर एक थेंब बोटाने पातळ पसरवा, आकार त्यावर अलगद टेकवा आणि चिमट्याने उचला. लागायला हवा तेवढाच गोंद लागतो, कडेबाहेर येत नाही. जाळीसाठी उत्तम उपाय म्हणजे कापायच्या आधीच कागदाच्या पाठीला दोन्हीकडून चिकटणारी शीट लावायची आणि मग डायखाली घालायचा. जाळी स्टिकर होऊनच बाहेर येते.

वजनाचाही विचार हवा. एका चौरस मीटरमध्ये ए-फोरचे सोळा कागद बसतात. म्हणजे ३०० जीएसएमच्या एका ए-फोर शीटचं वजन पावणेएकोणीस ग्रॅम. टपालाच्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा, तेव्हा पूर्ण ए-फोर दुमडून केलेलं कार्ड एकही फूल लावायच्या आधीच तिथे पोहोचतं. अर्ध्या शीटचं छोटं कार्ड केलं तर साडेनऊ ग्रॅममध्ये तळ होतो आणि थरांना वाव राहतो.

वरचा थर फिका की गडद?

रंगाचा प्रश्न जितका विचारला जातो तितका अवघड नाही. शेजारच्या दोन थरांमध्ये उजळपणाचा फरक हवा. लाल आणि हिरवा हे रंग कितीही वेगळे असले तरी दोन्ही सारखेच गडद असतील तर वरचा थर खालच्यात बुडतो. फोनवर फोटो काढून तो काळापांढरा करून बघा. थर वेगळे दिसले तर रंग जमले.

क्रम मात्र विषयावर ठरतो. घाटात पावसाळ्यानंतर उभं राहिलं की सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक दिसतात, जवळची गडद हिरवी, पुढची निळसर, शेवटची आभाळात विरघळलेली. डोंगरांचं कार्ड करायचं असेल तर मागचा थर फिका आणि पुढचा गडद. फुलात उलट असतं. पाकळ्यांचा तळ आतल्या सावलीत असतो, बाहेरची टोकं उजेडात असतात, म्हणून आतला आणि खालचा भाग गडद, वरचा उजळ.

फूल समोर ठेवून कागद कापणाऱ्यांत मला मेरी डिलेनींबद्दल विशेष आदर वाटतो. १७०० साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या बाईंनी हे काम वयाच्या ७२व्या वर्षी सुरू केलं. टेबलावर पडलेला लाल कागदाचा तुकडा आणि शेजारच्या जिरेनियमची पाकळी यांचा रंग एकच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पाकळ्या कापल्या. पुढच्या दहा वर्षांत, नजर साथ देईनाशी होईपर्यंत, त्यांनी अशी ९८५ फुलं केली. काळ्या पार्श्वभूमीवर एकेका पाकळीच्या छटेसाठी वेगळा कपटा, त्यावर त्याहून बारीक कपटा. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांच्याकडे ना डाय होते, ना फोम. झाड मात्र समोर असायचं.

मीही मावशीकडून एक फूल मागवून घेतलं आणि ते कोमेजायच्या आत काम उरकलं. लाल कार्डशीट २०० जीएसएमची घेतली, जास्त जाड घेतली तर पाकळी वळत नाही. पाचही पाकळ्यांच्या तळाला गडद किरमिजी पेन्सिल घासली. मग जुन्या माउसपॅडवर पाकळी ठेवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे गोल गोल दाबत गेले. कागदाला असा बाक आला की तो स्वतःच्या ताकदीने उभा राहतो, कडा वर उचललेल्या राहतात आणि फोमशिवाय मधली जागा तयार होते. गोंद फक्त तळाच्या टोकाला. कडेला लावला तर सगळा बाक मोडतो.

पाच पाकळ्या म्हणजे प्रत्येकीमध्ये ७२ अंश. अखंड आकार एकावर एक लावायचे असते तर वरचा बरोबर अर्धा, म्हणजे ३६ अंश फिरवला असता, वरची पाकळी खालच्या दोघींच्या फटीवर आली असती. सहा पाकळ्यांना ३०, आठ पाकळ्यांना साडेबावीस. गुलाब, शेवंती यांना तेच चालतं. जास्वंदीला पहिली पाकळी लावली, दुसरीची डावी कड पहिलीवर, तिसरीची दुसरीवर, चौथीची तिसरीवर. पाचवीची डावी कड चौथीवर आणि उजवी कड पहिलीच्या खाली जायला हवी. म्हणून पहिलीच्या तळाला गोंद लावताना डावा अर्धा भाग कोरडा सोडला होता. तिथे सुरीचं बोथट टोक घालून ती किंचित उचलली, पाचवी आत सरकवली आणि सोडून दिली.

मधला केसर म्हणजे पिवळट कागदाची बारीक गुंडाळी. तिच्या वरच्या अर्ध्या भागात कात्रीने तिरके छेद दिले आणि ते बाहेर वळवले, परागाच्या पिवळ्या गाठी तशाच दिसतात. केसराच्या अगदी टोकाला खऱ्या फुलात पाच लाल ठिपके असतात. ते मी सुईच्या मागच्या टोकाने, लाल रंगात बुडवून, एकेक करून टेकवले आणि कार्ड वर काहीही न ठेवता रात्रभर वाळू दिलं.